अंधारातील माशी

इच्छापोर नावाची गावे आपल्या देशात एक नव्हे, दोन आहेत. पहिले बंगालमध्ये, हुगळीच्या काठी, बराकपूरच्या शेजारी. बंगाली माणूस त्याला इच्छापूर म्हणतो. इंग्रजी कागदपत्रांत ते ‘ईशापोर’ झाले आणि तेथील सरकारी रायफल कारखान्यामुळे याच नावाने देशभर माहीत झाले. आपल्या सैनिकांनी आणि पोलिसांनी वर्षानुवर्षे कमरेला बाळगलेले ९ मिलिमीटरचे स्वयंचलित पिस्तूल याच कारखान्यात बनले. दुसरे इच्छापोर सुरतेचे. सुरतेहून हझिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तापीच्या उजव्या तीरावर ते लागते. हिऱ्यांच्या व्यापाराची वसाहत तेथे उभी आहे आणि पुढे हझिऱ्याच्या बाजूला खतांचे, पोलादाचे, तोफांचे आणि जड पाण्याचे कारखाने आहेत.

या दोन गावांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण पहिल्या गावात बनलेल्या पिस्तुलाची एक जुनी अडचण आहे, आणि तिच्यावरचा आज सर्वमान्य झालेला उपाय समजून घ्यायचा तर दुसऱ्या गावाच्या शेजारी जाऊन बसावे लागते. अडचण अशी की, संध्याकाळ झाली की पिस्तुलाची माशी दिसत नाही.

माशी म्हणजे काय, हे राष्ट्रीय छात्रसेनेत .२२ रायफल हाताळलेल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. नळीच्या टोकावर जे उभे लहानसे बोंड असते ती माशी. डोळ्याच्या बाजूला, मागे, एक खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी, तिचा माथा खाचेच्या कडांशी समपातळीत आणि त्याच्या वर लक्ष्य, अशी तिन्ही एका रेषेत आणणे म्हणजे शिस्त धरणे. (मराठीत ‘शिस्त’ या शब्दाचा मूळ अर्थ नेम असाच आहे, आज आपण ज्याला शिस्त म्हणतो तो अर्थ पुढचा. प्राचार्यांनी रागावू नये.)

रायफलीत खाच आणि माशी यांत हातभर अंतर असते. पिस्तुलात ते जेमतेम १५ सेंटिमीटर. त्यामुळे माशी खाचेच्या मध्यापासून केवळ १ मिलिमीटर सरकली तरी २५ मीटरांवर गोळी सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला पडते. साधे समरूप त्रिकोणाचे गणित आहे, कोणीही करून पाहावे. म्हणजे पिस्तूल हे हत्यारच असे, की ज्याला माशी स्पष्ट दिसण्याची गरज सर्वांत जास्त. आणि माशी मात्र काळी, खाच काळी, अंधारही काळा.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले तेही उघड्या माशी-खाचेवरच. या प्रकारात भिंगाचे, आरशाचे किंवा प्रकाशाचा ठिपका दाखविणारे कोणतेही साधन चालत नाही. परंतु तेथे लक्ष्याच्या कागदावर भरपूर उजेड असतो, आणि पांढऱ्या कागदापुढे काळी माशी जितकी ठसठशीत दिसते तितकी दुसरी कोणतीही दिसत नाही. खेळाडूला काळी माशीच हवी असते. अडचण खेळाडूची नाही; ती रात्रपाळीच्या पोलिसाची आणि बँकेच्या दारावरील पहारेकऱ्याची आहे.

ही अडचण नीट समजण्यासाठी पिस्तूल क्षणभर बाजूला ठेवून डोळ्याकडे वळू. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख. त्या उजेडात काम करतात, रंग ओळखतात आणि बारकावा टिपतात. दांड्याच्या आकाराच्या पेशी सुमारे १२ कोटी. त्या अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही आणि बारकावाही कळत नाही. आता खरी मेख अशी की, आपण एखाद्या वस्तूकडे टक लावून पाहतो तेव्हा तिची प्रतिमा पडद्याच्या ज्या मध्यबिंदूवर पडते, तेथे दांड्याच्या पेशी मुळीच नसतात. तेथे सगळे शंकूच. म्हणून रात्री आकाशातला अगदी मंद तारा सरळ पाहिला की नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला नेली की पुन्हा उगवतो. आकाशनिरीक्षण करणाऱ्यांना ही युक्ती माहीत आहे. पण नेम काही बाजूला पाहून धरता येत नाही! माशी आणि खाच यांतील केसभर फट टिपण्याचे काम शंकूंचेच आहे, आणि अंधारात नेमके तेच झोपलेले असतात.

त्यात आणखी भर पडते. अंधारात डोळ्याची बाहुली २ मिलिमीटरांवरून ७ मिलिमीटरांपर्यंत उघडते. कॅमेरा वापरणाऱ्यांना ठाऊक आहे की, छिद्र मोठे केले की जवळचे आणि लांबचे एकाच वेळी स्पष्ट येत नाही. डोळ्याचेही तसेच होते. दिवसा खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. संध्याकाळी त्यांपैकी एकच निवडावे लागते. शिवाय अंधारात डोळा आपोआप थोडा लघुदृष्टीचा होतो. इंग्लंडचा राजज्योतिषी मास्केलिन याने ही गोष्ट १७८९ मध्ये स्वतःच्या डोळ्यांवरून नोंदविली होती. चाळिशी ओलांडलेल्या हवालदारावर हे संकट दोन्ही बाजूंनी येते, कारण त्याला जवळची माशी दिवसासुद्धा धूसरच दिसते.

रंगाचाही प्रश्न आहे. बोहेमियातला शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाहिले की, दिवसा बागेत उठून दिसणारी लाल फुले तिन्हीसांजेला काळवंडतात आणि पाने मात्र त्यांच्या मानाने उजळ राहतात. जास्वंदीच्या झाडाजवळ उभे राहून कोणालाही हे पाहता येईल. शंकूंना ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळट हिरवा प्रकाश सर्वांत ठळक दिसतो, तर दांड्यांना ५०७ नॅनोमीटरचा निळसर हिरवा. म्हणून उजेड उतरताना हिरवा रंग शेवटपर्यंत साथ देतो आणि लाल सर्वांत आधी सोडून जातो. पिस्तुलाच्या माशीवरील ठिपका बहुधा हिरवा असतो, यामागे शोभेचा हेतू नाही.

जुन्या शिकाऱ्यांना यातले शास्त्र ठाऊक नव्हते, पण अडचण पक्की ठाऊक होती. मचाणावर बसण्यापूर्वी कोणी माशीला चुन्याचे बोट लावी, कोणी पांढरा दोरा गुंडाळी. १९७२ च्या कायद्याने शिकार संपली आणि ती मचाणेही गेली; पण चुन्याचा तो ठिपका पांढऱ्या रंगाच्या रूपाने पिस्तुलावर कायम राहिला. माशीवर एक ठिपका, खाचेच्या दोन बाजूंना दोन. पांढरा रंग पडलेल्या प्रकाशाचा मोठा भाग परत फेकतो, म्हणून काळ्या पोलादाच्या मानाने तो बराच वेळ दिसत राहतो. परंतु परत फेकायला प्रकाश मुळात असावा लागतो. तो संपला की चुना आणि काजळ सारखेच.

दुसरा उपाय प्रकाशतंतूचा. रंगीत, पारदर्शक प्लास्टिकचा लहानसा दोरा माशीत आडवा बसवितात. त्याच्या अंगावर सर्व बाजूंनी पडणारा प्रकाश आतल्या रंगद्रव्यात शोषला जाऊन पुन्हा बाहेर पडतो, त्यातला बराचसा आतल्या आत परावर्तित होत टोकाशी येतो, आणि नेमबाजाकडे असलेले ते टोक दिवा लावल्यासारखे चमकते. दिवेलागणीच्या वेळी हा उपाय फार सुंदर. मिट्ट काळोखात मात्र त्याचाही चुनाच होतो.

येथे आपल्या भाषेतल्या एका गोंधळाचा उल्लेख करणे भाग आहे. आपल्याकडे रात्री चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला ‘रेडियम’ म्हणतात. ट्रकच्या मागची लाल पट्टी रेडियम, सायकलच्या मडगार्डवरचा चिकट कागद रेडियम, मुलांच्या खोलीत छताला लावलेल्या चांदण्याही रेडियम. वस्तुतः यांपैकी एकातही रेडियम नाही. ट्रकवरच्या पट्टीत काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात. ते दिव्याचा प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवितात. म्हणूनच ती पट्टी गाडी चालविणाऱ्याला झगझगीत दिसते आणि रस्त्याकडेला उभ्या माणसाला दिसतही नाही. ऊसहंगामात कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात रात्री उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात; ज्या ट्रॉलीला मागे ही पट्टी नसते तिच्यावर आदळून माणसे मरतात. पाचदहा रुपयांच्या कागदावर इतके अवलंबून असावे, हे लाजिरवाणे आहे. पिस्तुलावर मात्र ती निरुपयोगी, कारण नेम धरणाऱ्याच्या कपाळाला दिवा नसतो.

छतावरच्या चांदण्यांची गोष्ट वेगळी. त्यांतला पदार्थ दिव्याखाली प्रकाश पिऊन घेतो आणि दिवा मालवल्यावर हळूहळू ओकतो. पूर्वी यासाठी तांब्याचा अंश घातलेले झिंक सल्फाइड वापरीत. ते अर्ध्यापाऊण तासात मंदावे. १९९० नंतरच्या काळात जपानमध्ये स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा पदार्थ निघाला, तो कित्येक तास चमकतो. पिस्तुलाच्या माशीला तोही लावतात. पण विजेरीने त्याला मधूनमधून प्रकाश पाजावा लागतो. आणि चामड्याच्या म्यानात दिवसभर बंद राहिलेल्या पिस्तुलाने नेमक्या गरजेच्या क्षणी प्रकाश कोठून प्यावा?

खरे रेडियम क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधले. त्यातून निघणारे कण झिंक सल्फाइडवर आदळले की प्रत्येक आघाताला एक ठिणगी उठते. अशा अगणित ठिणग्या म्हणजे अखंड उजेड, ना दिवा ना विजेरी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घड्याळांचे आकडे, होकायंत्रे आणि बंदुकांच्या माश्या या रंगाने रंगविल्या जाऊ लागल्या. त्याची किंमत कोणी मोजली ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज येथे १९१७ पासून तरुण मुली घड्याळांच्या तबकड्या रंगवीत. आकडे रेखीव यावेत म्हणून कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करायला त्यांना शिकविले होते. रंग निरुपद्रवी आहे असेही सांगितले होते. रेडियम शरीरात गेल्यावर कॅल्शियमची वाट धरते आणि हाडांत जाऊन बसते. या मुलींचे दात पडले, जबडे सडले, कित्येक मेल्या. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारिणींनी कंपनीवर खटला भरला आणि १९२८ मध्ये तडजोडीने भरपाई मिळाली. कामगाराला कामामुळे जडलेल्या रोगाबद्दल मालकाला जबाबदार धरता येते, या विचाराला या खटल्याने मोठे बळ दिले.

यातला एक तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रेडियमचे अर्धायुष्य १,६०० वर्षांचे. पण सततच्या माराने झिंक सल्फाइडचे स्फटिक काही वर्षांतच निकामी होतात. त्यामुळे आजोबांच्या पेटीतले जुने घड्याळ अंधारात चमकत नसले तरी त्याच्या तबकडीवर रेडियम जसेच्या तसे असू शकते. विझले म्हणजे गेले असे नव्हे. अशी तबकडी खरवडू नये, उघडू नये.

रेडियमची जागा आता ट्रिटियमने घेतली आहे, आणि येथेच आपण सुरतेच्या इच्छापोरला परत येतो. हायड्रोजनचे तीन भाऊ. साधा हायड्रोजन सर्वांत हलका. त्याच्या दुप्पट वजनाचा ड्यूटेरियम. तिप्पट वजनाचा ट्रिटियम. साध्या पाण्यातील सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा असतो. तो वेचून काढून बनविलेले पाणी म्हणजे जड पाणी. हझिऱ्याला खत कारखान्यात अमोनिया बनविण्यासाठी जो वायू लागतो त्यातून ड्यूटेरियम वेचण्याचा कारखाना १९९१ मध्ये सुरू झाला. आपल्या रायगड जिल्ह्यात थळ येथेही याच पद्धतीचा कारखाना आहे. हे जड पाणी लागते अणुभट्ट्यांना, न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी. तापीकाठीच, सुरतेच्या पूर्वेला, काक्रापारचे अणुवीज केंद्र आहे. त्याची पहिली भट्टी १९९३ मध्ये रीतसर वीज देऊ लागली. अशा भट्टीत फिरताना जड पाण्यातला एखादा ड्यूटेरियमचा अणू न्यूट्रॉन गिळतो आणि त्याचा ट्रिटियम होतो. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये: हझिऱ्यात ट्रिटियम बनत नाही, आणि भट्टी चालविणाऱ्यांच्या दृष्टीने ट्रिटियम हा नको असलेला पाहुणाच आहे. कॅनडात डार्लिंग्टन येथे मात्र जड पाण्यातून हा पाहुणा वेगळा काढण्याचा मोठा कारखाना आहे, आणि जगातील दीप्तिमान नळ्यांना लागणारा बराचसा वायू या मार्गाने मिळत आला आहे.

नळी म्हणजे तांदळाच्या दाण्याहून बारीक, जाड काचेची. आतून दीप्तिमान पदार्थाचा लेप, पोकळीत ट्रिटियम वायू, दोन्ही तोंडे वितळवून बंद. ट्रिटियममधून निघणारे इलेक्ट्रॉन लेपावर आदळतात आणि नळी रात्रंदिवस मंद उजळत राहते. हे इलेक्ट्रॉन इतके दुबळे की हवेत ६ मिलिमीटरांपलीकडे जात नाहीत. काच किंवा कातडीचा वरचा मृत थरही त्यांना पुरतो. धोका आहे तो नळी फुटून वायू श्वासावाटे किंवा पाण्याच्या रूपाने पोटात जाण्याचा. म्हणून माशीतली नळी पिनेने उकरून पाहण्याची हौस कोणी करू नये.

ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षांचे. सहा वर्षांनी सुमारे ७१ टक्के तेज उरते, बारा वर्षांनी निम्मे, पंचवीस वर्षांनी चौथाई. लेपाची झीज वेगळीच. डोळ्याला निम्मे तेज निम्मे वाटत नाही, त्याहून बरेच जास्त वाटते. म्हणून ही उतरण हळू आणि फसवी असते.

एवढे झाल्यावर वाटेल की प्रश्न सुटला. पण ठिपके मांडावेत कसे, हे शास्त्र अजून उरतेच. तिन्ही ठिपके सारखे हिरवे आणि सारखे तेजस्वी असले तर काळोखात पिस्तुलाचा आकार दिसत नाही, नुसते तीन काजवे दिसतात. घाईत माशीचा काजवा मधला न राहता कडेचा होतो आणि तरीही तिन्ही एका रांगेत नेटके दिसतात! नेम मात्र भलतीकडे. म्हणून शहाणे कारागीर माशी जास्त तेजस्वी आणि खाचेचे ठिपके मंद किंवा दुसऱ्या रंगाचे ठेवतात. नजरेने पुढच्या ठिपक्याला धरावे आणि मागचे नुसते जाणवावेत, हा हेतू. माझ्या मते खाचेला ठिपके मुळीच नसले तरी फारसे बिघडत नाही, पण यावर जाणकारांत मतभेद आहेत.

तिन्ही गोष्टींवर एकदम नजर ठरत नाही, या मूळ दुखण्यावरचा उपाय मात्र वेगळ्या घराण्यातून आला. डब्लिनचे दुर्बिणकार सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० च्या सुमारास अशी युक्ती मांडली की, वक्र काचेवरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका दूरच्या लक्ष्यावरच टेकल्यासारखा दिसावा. मग खाच नको, माशी नको. डोळ्याने फक्त लक्ष्याकडे पाहायचे. आज पिस्तुलावर बसणारी लाल ठिपक्याची इवलीशी काच ही त्याच कल्पनेची नात. पुण्याच्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेची मोठी दुर्बीण याच ग्रबच्या कारखान्यातली होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

परंतु ठिपका हिरवा असो वा लाल, तो पिस्तूल कोठे रोखले आहे एवढेच सांगतो. समोर कोण आहे हे सांगत नाही. समोरचा माणूस ओळखण्याइतका उजेड असेल तर बहुधा काळी माशीही थोडीफार दिसते; आणि मिट्ट काळोखात माशी चमकत असली तरी समोरची आकृती चोराची की रात्रपाळीवरून परतणाऱ्या कामगाराची, हे कळत नाही. विजेरीचा झोत टाकला तर समोरची भिंत उजळते आणि तिच्यापुढे माशी काळीच, पण स्वच्छ दिसते. ट्रिटियमचा उजेड त्या झोतात लोपून जातो. मग त्याचा उपयोग उरतो कोठे? एका अरुंद पट्ट्यात: आपण अंधारात आणि समोरचा उजेडात. अंधाऱ्या बोळात उभा पोलीस, आणि पलीकडे रस्त्यावरच्या दिव्याखाली संशयित. तेथे ट्रिटियमला तोड नाही. पण या पट्ट्याबाहेर चमकती माशी हाताला जो आत्मविश्वास देते, त्याला डोळ्यांचा आधार नसतो. पहारेकऱ्याला पिस्तुलाआधी चांगली विजेरी आणि दाराबाहेर एक दिवा द्यावा, असे मला वाटते. खर्चही कमी येतो.

ट्रिटियमच्या माश्या घेणाऱ्या खात्याने शस्त्रागाराच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: नळी भरल्याचे वर्ष. दरवर्षी एकदा खोली पूर्ण अंधारी करून, वीस मिनिटे डोळे निववून, प्रत्येक पिस्तूल हातभर अंतरावर धरून पाहावे. ज्याची माशी शोधावी लागते ते बाजूला काढावे आणि नळी अधिकृत ठिकाणीच परत पाठवावी. केराच्या टोपलीत नव्हे.